रानातले झुडूप अंगणात



पारिजातकाची कथा आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. श्रीकृष्णाने इंद्राच्या नंदनवनातून तो वृक्ष उपटला, गरुडाच्या पाठीवर घातला आणि द्वारकेत सत्यभामेच्या दारी आणून लावला. पुढे फुले सवतीच्या अंगणात पडू लागली आणि त्यावरून जे रुसवेफुगवे झाले, त्यावर आपल्या कीर्तनकारांचे आजवर चांगले चालले आहे. पण मातीत हात घालणाऱ्या माणसाला त्या कथेत निराळ्याच गोष्टीचे नवल वाटते. मुळासकट उपटलेले आणि एवढा प्रवास वाऱ्यावरून केलेले ते झाड नव्या मातीत जगले कसे? देवाच्या हातचे झाड, ते जगले. आपण मात्र रविवारी येऊरहून किंवा मलंगगडाच्या पायथ्याहून एखादे फुलांनी लवलेले झुडूप उपटून आणतो, कुंडीत लावतो, सकाळसंध्याकाळ पाणी घालतो, आणि पुढच्या रविवारपर्यंत त्याची काडी झालेली असते.

ही हौस वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या गावांना डोंगर अगदी खिडकीत आलेले आहेत. चैत्र-वैशाखात कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत गाडीच्या खिडकीतून पारसिकाच्या उतारावर पाहावे; सगळे करपलेले असते आणि मध्येच एखादा कुडा पांढऱ्या फुलांनी भरून उभा असतो. त्याला कोणी पाणी घातलेले नसते, खत दिलेले नसते. आपल्या घरच्या गुलाबाला इतके करूनही तो रुसलेला असतो. मग वाटते, हेच झाड घरी का नसावे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘असावे’ असेच आहे. वाद आहे तो ते कसे आणावे यासंबंधी. झुडूप आणायचे तर ते वाढलेले आणू नये, त्याचे बालपण आणावे, म्हणजे बी आणावे किंवा फार तर कलमाची काडी आणावी, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे. असे का, ते समजण्यासाठी आधी डोंगराच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे.

आपले हे डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्याच्या थरांचे आहेत. उतारावर या पाषाणावर मातीचा थर असतो तो कोठे वीतभर, कोठे हातभर. त्याखाली मुरूम, आणि त्याखाली भेगाळलेला खडक. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. एवढे पाणी त्या वीतभर मातीत राहणार किती? ते वाहून तरी जाते, नाही तर खडकाच्या फटींत मुरते. तेव्हा जे झुडूप वैशाखातही हिरवे किंवा फुललेले दिसते, त्याने आपले मूळ त्या फटींत उतरविलेले असते. वर कमरेएवढे दिसणारे करवंदीचे जाळे खाली कोठवर गेले आहे याचा अंदाज घ्यायचा असेल, तर रस्तारुंदीसाठी डोंगर कापला आहे तेथील ताज्या कडेकडे पाहावे. बोटाएवढी मुळे दगडाच्या सांध्यांतून वाट काढत पुरुषभर खाली गेलेली दिसतात. खडकाच्या आकारानुसार ती कोठे चपटी होतात, कोठे काटकोनात वळतात. असे मूळ कुदळीने निघत नाही. कुदळीने निघतो तो मुळाचा वरचा बुंधा, म्हणजे ज्याचा पाणी पिण्याशी फारसा संबंध नाही असा भाग.

झाड मुळाच्या टोकाने पाणी पिते. टोकाशी केसांहून बारीक असे तंतू असतात. मातीच्या कणांभोवती जो पाण्याचा पापुद्रा असतो तो तेच ओढून घेतात. जाड मुळे ही नुसती नळ्या आणि खुंट्या. आपण झुडूप उपटतो तेव्हा खुंट्या हाती येतात आणि तंतू डोंगरातच राहतात. तिकडे वर पानांचे काम मात्र चालूच असते. पानांतून पाण्याची वाफ होत राहते, खालून भरणा होत नाही, आणि आपण कुंडीत कितीही बादल्या ओतल्या तरी ते पाणी पिणारे तोंडच उरलेले नसते. झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते. कुजके मूळ पाहून आपण म्हणतो, पाणी जास्त झाले. तेही खरे असते, पण दुसऱ्या क्रमांकाने.

आणखी एक गोष्ट डोंगरातच राहते, ती डोळ्यांना सहसा दिसत नाही. बहुतेक रानझाडांच्या मुळांशी एक प्रकारची बुरशी नांदत असते. बुरशी म्हटले की आपल्याला लोणच्यावरची आठवते, पण ही उपकारक आहे. तिचे धागे मुळांपेक्षा कितीतरी दूर पसरतात, मातीतला स्फुरद आणि पाणी आणून मुळाला देतात आणि मोबदल्यात झाडाने उन्हात शिजविलेली साखर घेतात. १८८५ साली फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने या सहवासाला नाव दिले, आणि आज हा विषय शेतीशास्त्रात महत्त्वाचा मानला जातो. उपटलेल्या झुडपाचा हा भागीदार तुटतो. बियांतून उगवणारे रोप मात्र जेथे रुजते तेथल्या मातीतला भागीदार हळूहळू जोडून घेते. म्हणूनच बीच आणावे असा आमचा आग्रह.

हे काही आमचेच डोके नव्हे. जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या पहाडांत हिंडला. तेथली बुरांसाची म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झाडे पाहून तो वेडावला. त्याच्यापाशी हमाल होते, पैसा होता, राजसत्तेचा पाठिंबा होता. तरीही विलायतेतल्या बागा ज्यांनी भरल्या त्या मुख्यत्वे त्याने पाठविलेल्या बियांनी. लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात ते बी रुजविले गेले आणि तेथून ती झाडे बागाबागांत गेली. हूकरला जे हिमालयात कळले ते आपल्याला येऊरमध्ये कळायला हरकत नाही.

येथे कायद्याची गोष्ट सांगून टाकू, कारण पुष्कळ सज्जन माणसे अजाणता ती मोडतात. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे उद्यान मुंबईच्या उपनगरांत आणि ठाणे जिल्ह्यात पसरलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे तेथून परवानगीवाचून झाड तर नाहीच, फांदी किंवा बीदेखील नेता येत नाही. राखीव वनांना १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू आहे. ठाण्याभोवतालचे डोंगर दिसायला मोकळे दिसतात, कुंपण नाही, पहारेकरी नाही. पण त्यांचा मोठा भाग वनखात्याकडे आहे. तेव्हा ‘कोणाचेच नाही ते माझे’ हा हिशेब तेथे चालत नाही. चालू नयेच. रविवारी सकाळी येऊरला जाणाऱ्या शेकडो माणसांनी एकेक झुडूप आणले तर एका पावसाळ्यात त्या वाटेचे काय होईल, याचे गणित तिसरीतला मुलगाही करील.

मग बी आणावे कोठून? आमचे उत्तर ऐकून कोणी हसेल. कल्याण स्टेशनाबाहेरून, ठाण्याच्या बाजारातून, डोंबिवलीच्या फडके रोडवरून आणावे. वैशाखात ठाकूर, कातकरी आणि वारली बाया पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसतात; तो प्रत्येक द्रोण म्हणजे चालती रोपवाटिका आहे. पिकून काळीभोर झालेली करवंदे घ्यावीत, खावीत, आणि बिया थुंकून न टाकता वाटीत जमवाव्यात. राखेने किंवा वाळूने चोळून त्यांवरचा गर काढावा आणि दोन दिवसांच्या आत पेराव्यात. करवंदाचे बी धान्यासारखे साठवून ठेवायचे नसते. वाळले की त्याची उगवण झपाट्याने कमी होते. हे ठाऊक नसल्यामुळे लोक मे महिन्यात बी पुडीत बांधतात, जुलैत पेरतात आणि उगवले नाही म्हणून करवंदाला दोष देतात. सावलीतल्या ट्रेमध्ये, अर्धा इंच खोल, माती ओलसर पण चिखल नाही अशी राखली तर महिन्याभरात दोन जाडसर दले वर येतात. रोप चार पानांचे झाले की निरनिराळ्या पिशव्यांत हलवावे. हेच खरे स्थलांतर. या वयात मूळ बोटभर असते, सगळेच्या सगळे मातीसकट हाती येते, आणि रोपाला आपण हलल्याचे कळतही नाही.

करवंदाविषयी एक ताकीद मात्र देऊन ठेवतो. त्याचे काटे दुबेळके आणि निर्दय असतात, आणि फांदी मोडली की चीक गळतो. जेथे मुले खेळतात त्या वाटेच्या कडेला ते लावू नये. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत लावावे. तेथे ते तारेच्या कुंपणापेक्षा चांगले काम करते, वर फाल्गुनात जाईसारखी सुवासिक फुले देते, आणि वैशाखात बुलबुल येतात ते निराळेच.

कुड्याचे बी मिळविणे थोडे अवघड आहे, कारण आधी कुडा ओळखावा लागतो. आपल्याकडे दोन झाडांना कुडा म्हणतात. दोन्हींना पांढरी फुले, दोन्हींना चीक, दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या दोन शेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात, जणू चिमटाच. आमांशावर ज्याचे कुटजारिष्ट करतात तो पांढरा कुडा. त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी कोकणात आवडीने करतात, पावसाळ्याच्या तोंडाशी बाजारात मिळतेही. पण ती भाजीची शेंग कोवळी, तिच्यात रुजणारे बी नसते. बियांसाठी शेंग झाडावरच पिकू द्यावी लागते. हिवाळा सरताना ती उकलते आणि आतून रेशमी झुपके लावलेले बी वाऱ्यावर उडू लागते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर कुडा असेल तर त्याला विचारून चारदोन शेंगा उकलण्यापूर्वीच उतरवून घ्याव्यात. बदलापूर, टिटवाळा, शहापूर या बाजूला बहुतेकांचे कोणी ना कोणी नातेवाईक असतातच. झुपका चिमटीने काढून बी कोरडे ठेवावे आणि मृग लागल्यावर पेरावे.

इतरांचे थोडक्यात सांगतो. धायटी खडकाळ उतारावर असते, माघ-फाल्गुनात तिच्या लवलेल्या फांद्या आतल्या बाजूने तांबड्या फुलांनी माखतात. वैद्यांच्या आसवांत आणि अरिष्टांत जी धायफुले पडतात ती हीच. तिचे बी मोहरीहूनही बारीक, म्हणून ते मातीत पुरू नये. वरच्यावर शिंपडून नुसते दाबावे. मुरुडशेंग आजीबाईंच्या गुटीमुळे सर्वांना ठाऊक. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी पिळलेली शेंग फोडली तर आत बी असते, पण ते फार जुने असण्याचा संभव असतो, तेव्हा ताजी शेंग मिळाली तर उत्तम. बी टणक असते, उकळून उतरविलेल्या पाण्यात रात्रभर भिजवावे. याचे फूल लाल उमलते आणि म्हातारपणी निळसर राखाडी होते, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. भारंगी तर भाजीवालीच्या टोपलीतलीच. तिचे जमिनीखालचे मूळ जून असते आणि वरचे दांडे नवे फुटत राहतात, म्हणून शेतावरच्या भारंगीच्या गड्ड्यालगतचा एखादा धुमारा मुळासकट मिळाला तर तो पावसात सहज लागतो.

भूतकेस हे आमचे विशेष आवडते. पावसाळ्यात घाटाच्या वाटेवर हिरव्या झुडपात कागदाचे पांढरे कपटे अडकल्यासारखे दिसतात ते हे झाड. ते कपटे म्हणजे पाने नव्हेत आणि पाकळ्याही नव्हेत. फुलाच्या बुडाशी जी हिरवी दले असतात त्यांतले एकच दल वाढून पानाएवढे व पांढरे झालेले असते. खरे फूल इवलेसे, केशरी. एवढ्याशा फुलाकडे फुलपाखरांचे लक्ष जाणार नाही म्हणून झाडाने ही पांढरी पाटी लावली आहे असे समजतात. भूतकेसाला बियांचीही गरज नाही. आषाढात पेन्सिलीएवढी जून फांदी वीतभर कापून, खालची पाने काढून ओल्या वाळूत खोचली की पुष्कळदा लागते. कुसर, म्हणजे रानजाई, हिची फांदी जमिनीला टेकवून मधल्या पेरावर मातीचा ढीग आणि वर दगड ठेवावा. पावसाळा संपेपर्यंत तेथे मुळे सुटतात आणि मग आईपासून तोडावी. रोपवाटिकांतूनही आता यांपैकी काही मिळू लागली आहेत. तेथे मराठी नावानेच विचारावे, पण एकाच नावाची तीन झाडे आणि एकाच झाडाची तीन नावे असतात हे ध्यानात ठेवून पान-फूल पाहून घ्यावे.

कारवीचे मात्र वेगळे आहे. प्रत्येक व्याख्यानानंतर कोणी ना कोणी कारवीविषयी विचारतेच. कारवी सात वर्षे नुसती वाढते, आठव्या वर्षी फुलते, बी धरते आणि मरून जाते. आणि एका डोंगरावरची सगळी कारवी बहुधा एकाच वर्षी फुलते. येऊर आणि त्यामागचा राष्ट्रीय उद्यानाचा भाग २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी असा जांभळानिळा झाला. सर्व डोंगरांचे वर्ष एकच असते असे नाही. इतरत्र थोडी कारवी इतर वर्षीही फुललेली दिसते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव, ज्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला, त्यांनी या आठ वर्षांच्या फेऱ्याकडे बारकाईने लक्ष दिले होते. कारवीचे बी पिकले तरी लगेच पडत नाही. वाळलेली बोंडे पुढच्या पावसाची वाट पाहत झाडावरच राहतात, आणि पहिल्या सरींनी भिजली की तडतडून फुटतात. म्हणजे झाडाला सुगी साधावी लागते तशी त्याने साधली आहे: बी पडते तेच ओल्या जमिनीवर. याच कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा गिलावा देऊन आदिवासी पाड्यांत कुडाच्या भिंती करतात.

ही कारवी घरी लावावी काय? लावता येईल, रोप जगेलही. पण विचार करा. कारवीची शोभा एका झाडात नाही, सबंध उतारात आहे. अंगणातली एकटी कारवी सात वर्षे खरखरीत पानांचे साधेसे झुडूप म्हणून राहील, आठव्या वर्षी महिनाभर फुलेल आणि मग आपण तिची वाळलेली काटकी उपटून टाकू. तेवढ्या वेळात त्या जागी धायटीचे पाच बहर झाले असते. येऊरची कारवी आता २०३२ साली फुलावी अशी अपेक्षा आहे. ती तेथे जाऊन पाहावी.

आता अपवाद. वाढलेले झुडूप हलविणे हेच योग्य, किंबहुना तेच पुण्याचे, असा एक प्रसंग असतो आणि आपल्या गावांत तो दर वर्षी कोठे ना कोठे येतो. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, कल्याण-शिळ रस्त्याच्या कडेने, डोंबिवलीच्या जुन्या बंगल्यांच्या आवारांत जमीन खणली जाणार असते. इमारत उठणार, रस्ता रुंदावणार, जुनी वाडी पाडून तेथे पुनर्विकास होणार. जमीन खाजगी आहे, मालक ‘न्या’ म्हणतो, आणि न नेले तर यंत्राच्या एका फटकाऱ्यात ते जाणार आहे. अशा वेळी उपटणे हा अपराध नाही. पण तेथेही तऱ्हा आहे.

वेळ असेल तर दोन टप्प्यांत करावे. खोडाची जाडी असेल तिच्या दहा-बारा पट व्यासाचे वर्तुळ झुडपाभोवती आखावे. एका पावसाळ्यात त्या वर्तुळाच्या अर्ध्या भागावर हातभर खोल चर खणून आडवी आलेली मुळे धारदार कोयत्याने साफ तोडावीत आणि चर पालापाचोळ्याचे खत मिसळलेल्या मातीने भरावा. चार महिन्यांत तोडलेल्या टोकांना आतल्या बाजूने पांढऱ्या मुळांचा पुंजका फुटतो. पावसाळा सरताना उरलेला अर्धा भाग तसाच करावा. पुढच्या मृगात वर्तुळाच्या बाहेरून खणून, खालून कुदळ सारून, सबंध गड्डा गोणपाटात बांधून उचलावा. अर्थात बिल्डर एवढा थांबत नाही. मग निदान आर्द्राच्या झडीत, ढगाळ दिवशी, संध्याकाळच्या सुमारास काढावे, आणि काढण्यापूर्वी झुडूप गुडघ्याएवढे छाटावे. हे छाटणे लोकांच्या जिवावर येते. फुले यावीत म्हणून तर झाड आणायचे, आणि ते छाटायचे? पण मुळे अर्धी गेली आहेत. पाने पूर्ण ठेवली तर वर सांगितलेला तहानेचा प्रकार होतो.

कोणते झुडूप अशा बदलीला तयार होईल हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. ज्याला रानात सरपणासाठी दर वर्षी तोडतात, वणव्यात जे जळते, आणि तरी पावसात बुंध्यापासून पुन्हा फुटते, ते बहुधा बदलीही सोसते. कुडा, धायटी, मुरुडशेंग, भारंगी ही अशी चिवट जात. माथेरानला जिची निळी फुले लोक पाहतात ती अंजनी मंद वाढीची आणि मानी. जून अंजनी हलविण्याच्या भानगडीत पडू नये. जुन्या करवंदीचेही तेच.

गड्ड्याची माती फुटू देऊ नये, हा या कामातला अर्धा जीव. आपला मुरूम मुळांना धरून राहत नाही, भसाभस गळतो, म्हणून खणण्यापूर्वी जागा चांगली भिजलेली हवी. ही युक्ती फार जुनी आहे. इजिप्तच्या हत्शेप्सुत राणीने साडेतीन हजार वर्षांपूर्वी पंट देशातून धुपाची झाडे जहाजांतून आणविली, त्याचे चित्र तिच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेले आहे. त्यात झाडांची मुळे टोपल्यांत ठेवून माणसे ती वाहून नेताना दाखविली आहेत. आपल्याकडे टोपली नसली तरी गोणपाट कोठेही मिळते.

नव्या जागी खड्डा गड्ड्याच्या दीडपट रुंद हवा, पण खोली तेवढीच. खोड पूर्वी जेथवर मातीत होते तेथवरच पुरावे. चार बोटे जास्त खोल पुरले तर बुंधा कुजतो. ताजे शेणखत घालू नये. वर पालापाचोळा पसरावा आणि महिनाभर झावळ्यांची सावली करावी.

घरच्या जमिनीविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. कल्याण-डोंबिवलीतल्या पुष्कळ आवारांत माती म्हणून जी असते ती माती नसते. खाडीकाठची चिकणमाती असते किंवा विटांचे तुकडे, सिमेंट आणि जुन्या लाद्या यांचा भराव असतो. डोंगरावरच्या झुडपाला गरिबी चालते, पण पाणी तुंबलेले चालत नाही. आवारात पाऊसपाणी साचत असेल तर फूटभर उंचीचा मुरूम-मातीचा वरंबा करून त्यावर लावावे. गच्ची किंवा बाल्कनी एवढेच ज्यांचे राज्य, त्यांनी भूतकेस, भारंगी, धायटी यांवर समाधान मानावे. दीड फुटी कुंडी, तळाशी खापऱ्या, दोन भाग माती, एक भाग मुरूम, एक भाग कुजलेला पाला. कुंडीतल्या धायटीला दर पावसाळ्याच्या तोंडी छाटले नाही तर ती शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जाते.

रानातून घरी आणण्याविषयी इतके बोललो. घरातून रानात काय गेले तेही पाहावे. घाणेरी, जिला टणटणी म्हणतात, ती मूळची अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून ती आली, बागांच्या कुंपणाला लागली, पाखरांनी तिची काळी फळे खाल्ली आणि आज आपल्या डोंगरांवर कुड्याची, मुरुडशेंगेची जागा तिने बळकावली आहे. रंगीत फुले पाहून तिची फांदी कोणी अंगणात लावू पाहील तर त्याला प्रेमाने थांबवावे. आणि विदेशी झुडपांची छाटणी डोंगराच्या पायथ्याशी नेऊन टाकण्याची जी पद्धत पडली आहे ती तर अगदीच घातक. त्यातली एखादी काडी रुजायला एक पावसाळा पुरतो.

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी पुरे, दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा. त्यानंतर अंगणातल्या झाडाला जवळजवळ नाहीच. कुंडीतल्याला मात्र बोट घालून माती कोरडी लागली तर द्यावे. कुडा आणि मुरुडशेंग माघात पाने झाडतात. ते मेले असे समजून दर वर्षी कितीतरी जिवंत झाडे उपटली जातात. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड झोपलेले आहे, त्याला तसेच राहू द्यावे आणि पाणी वाढवू नये. भूतकेसाची काडी बहुधा दुसऱ्या पावसाळ्यात फुलते, बियांपासूनची धायटी दोन-तीन वर्षांत, करवंद तीन-चार वर्षांत. कुड्याला चार-पाच वर्षे लागतात, आणि पहिला बहर येतो तो वैशाखात, अंगणातले बाकी सगळे करपलेले असताना.